जुने कोणते घ्यावे, नवे कोणते घ्यावे?



पांडेसरा ही कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या गिरण्यांची वसाहत. साक्री, नवापूर, नंदुरबार, शिरपूर या भागांतील कितीतरी कुटुंबांचा एक पाय आज येथे आहे आणि दुसरा गावाकडच्या शेतात. पेरणीला आणि कापूस वेचणीला गावी जायचे, उरलेले महिने मिलमध्ये किंवा मागावर काढायचे, असे हे दुपदरी जीवन आहे. त्यामुळे येथे विकत घेतलेली वस्तू येथेच राहत नाही. ती उधन्याहून रेल्वेने नवापूर-नंदुरबारला जाते आणि गावच्या घरात, गोठ्यात, शेतात वापरली जाते.

यातील पुष्कळ वस्तू जुन्या असतात. कोणी त्या भंगाराच्या दुकानातून घेतो, कोणी गुजरीतून, कोणी खोली सोडून चाललेल्या शेजाऱ्याकडून. याबाबतीत आमचे मत आम्ही आधीच सांगून टाकतो. जुनी वस्तू घेण्यात कमीपणा मुळीच नाही. उलट आज आपण जितके जुने घेतो, त्याहून अधिक घ्यावे असेच आम्हांस वाटते. आमची तक्रार वेगळी आहे. जेथे जुन्याने सहज भागते तेथे आपण कर्ज काढून नवे घेतो, आणि जेथे नव्याशिवाय गत्यंतर नाही तेथे चार पैसे वाचविण्यासाठी जुने घेतो. लग्नात द्यावयाचे कपाट नवे, टीव्ही हप्त्यावर नवा, मोबाइल नवा. पण पिण्याचे पाणी साठवायचे पिंप जुने, फवारणीचा पंप जुना, गॅसची नळी जुनी, डोक्यावरचे हेल्मेट जुने. चारचौघांच्या नजरेस पडते ते नवे आणि जिवाशी ज्याची गाठ आहे ते जुने! ही उलटी रीत सरळ व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

जुन्याची लाज कशाला?

जुन्या वस्तूंवर आपल्याकडे संसारच नव्हेत, तर धंदेही उभे राहिले आहेत. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागाचा धंदा वाढला तो मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेल्या जुन्या मागांवर. अहमदाबादेत साबरमतीच्या काठी दर रविवारी गुजरी भरते, आणि तेथे खाटेपासून लोखंडी अवजारांपर्यंत सर्व काही जुने मिळते. आपल्या घरोघरीही बोहारीण येतच असे. जुने कपडे घ्यायची आणि भांडे द्यायची. तेच कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा कोणाच्या तरी अंगावर जात. शेतकऱ्याच्या घरी तर जुने म्हणजे वारसाच. आजोबांची पाभर, वडिलांची कुऱ्हाड, आईचे जाते यांना कोणी जुना माल म्हणून हिणवीत नाही.

तेव्हा पुढील वस्तू जुन्या मिळाल्यास खुशाल घ्याव्यात.

लोखंडी अवजारे: कुदळ, फावडे, पहार, विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा. जुन्या लोखंडाला तडा गेला असेल तर तो डोळ्यांना दिसतो आणि ठोकून पाहिले की आवाजावरून कळतो. दांडा मात्र नवा बसवावा.

शिवणयंत्र: बिडाच्या अंगाचे जुने यंत्र पिढ्यान्‌पिढ्या चालते. तेल घालून चाक फिरवून पाहावे, एका चिंधीवर टीप घालून पाहावी. एवढी परीक्षा पुरे.

सायकल: चौकट वाकलेली नाही व तिला जोड दिलेला नाही एवढे पाहावे. ब्रेकचे रबर आणि टायर नवे घालावेत.

भांडी: स्टीलची भांडी जुनी घेण्यास काहीच हरकत नाही. तांब्या-पितळेची घेतल्यास स्वयंपाकाआधी आतून कल्हई करून घ्यावी. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, चिंच, आमसूल असे आंबट ठेवू नये.

धान्याची पत्र्याची कोठी: बुडाला गंज किंवा भोक नसेल तर जुनी कोठी नव्याइतकीच उपयोगी. मात्र तिच्यात आधी धान्यच होते ना, हे विचारून घ्यावे.

पुस्तके: सुरतेत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. शब्दकोश, नकाशे, गोष्टींची पुस्तके जुनी घ्यावीत. पाठ्यपुस्तक जुने घेताना अभ्यासक्रम बदललेला नाही ना, एवढे गुरुजींना विचारावे.

कपडे: आमच्या मते मुलांचे कपडे तर जुनेच घ्यावेत, कारण मूल वर्षभरात त्यातून बाहेर पडते. फक्त ते घरी आणल्याबरोबर कडकडीत गरम पाण्यात धुवावेत आणि उन्हात वाळवावेत. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक जगत नाही. जे गरम पाण्यात धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवले तरी काम होते.

गादीची गोष्ट मात्र निराळी. ढेकूण अन्नावाचून काही महिने जगतो आणि शिवणीत दडून बसतो. पांडेसऱ्यात एका खोलीत आठ-दहा जण पाळीपाळीने झोपतात, तेथील गादी गावी नेणे म्हणजे ढेकूणच गावी नेणे होय. लोखंडी खाट जुनी घ्या, गादी घेऊ नका.

पाळण्याबद्दलही एक सूचना. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगातील शिशाच्या प्रमाणावर आपल्या देशात कडक मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा रंगीत पाळणा असेल आणि रंगाचे पोपडे निघत असतील, तर तो मुलासाठी घेऊ नये. घरात कोरडा पॉलिश कागद घासून तर मुळीच खरवडू नये. ती धूळ पोटात गेल्यास लहान मुलाच्या मेंदूला अपाय होतो. साधा, बिनरंगी लाकडी पाळणा मात्र जुना असला तरी उत्तम.

तीन प्रश्न

मग नको ते जुने कोणते? त्याची लांबलचक यादी पाठ करण्याची गरज नाही. वस्तू हाती घेऊन तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हिच्या पोटात पूर्वी काय होते? दुसरा, ही अचानक निकामी झाली तर इजा कोणाला होईल? तिसरा, ही खरोखर कोणाची? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक मिळाली तर किंमत विचारावी. आपण मात्र किंमत सर्वांत आधी विचारतो आणि ती स्वस्त निघाली की बाकीचे प्रश्न विचारतच नाही.

पहिला प्रश्न: पोटात काय होते?

निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपापासूनच सुरुवात करू. कापड रंगविण्याच्या गिरण्यांत ॲसेटिक ॲसिड, कॉस्टिक, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि नाना तऱ्हेची रसायने लागतात. ती पिंपांतून आणि कारब्यांतून येतात. रिकामी झालेली पिंपे भंगारात जातात, तेथे धुतली जातात आणि रस्त्याकडेला विक्रीस लागतात. नळाला ठराविक वेळीच पाणी येते, गावी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, म्हणून पिंप तर हवेच. मग निम्म्या किमतीत मिळणारे जुने पिंप घरात येते. त्यात पाणी भरतात. कोणी ज्वारी भरतात, कोणी लग्नाचे वरण त्यात ओततात.

अशा पिंपांकडे कायदा कसा पाहतो ते आपल्याला ठाऊक असावे. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत जी यादी आहे, तिच्यात घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपे स्वतंत्रपणे नमूद केली आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने असे पिंप हे भांडे नव्हे, घातक कचरा आहे. ते परवानाधारकानेच शुद्ध करावयाचे असते. तीच वस्तू आपण घरात आणून तिच्यात लेकरांचे पाणी भरतो!

"फादर, आम्ही साबण लावून तीनदा धुतले," असे आयाबहिणी सांगतात. त्यांची मेहनत खरी आहे, पण प्लॅस्टिक हे स्टीलसारखे नसते. कित्येक रसायने प्लॅस्टिकच्या अंगात मुरतात. वरून धुतलेले पिंप स्वच्छ दिसते. उन्हात तापले की मुरलेले ते हळूहळू पाण्यात उतरते. वास येत नाही म्हणून पिंप निर्धोक, असेही नाही, कारण प्रत्येक विषाला वास नसतो. पिंपाच्या बुडाशी त्रिकोणात २ हा आकडा असतो, तो दाखवून विक्रेता 'हे खाण्याच्या दर्जाचे' असे सांगतो. तो आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. पिंपात आधी साबण होता की विष, हे त्यावरून मुळीच कळत नाही.

हे भय पुस्तकी नाही. बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी १६ जुलै २०१३ रोजी प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण खाऊन २३ मुले मरण पावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले होते, असे तपास करणाऱ्यांनी सांगितले. मोनोक्रोटोफॉस हे नाव कापूस पिकविणाऱ्यास नवे नाही. त्याचे डबे आपल्यापैकी अनेकांनी हाताळले आहेत, आणि रिकामा डबा धुऊन त्यात रॉकेल, तेल किंवा मीठ ठेवणारी घरे अजून आहेत. कीटकनाशकांविषयीचे १९७१ चे नियम सांगतात की, रिकामे डबे पुन्हा वापरले जातील असे बाहेर टाकू नयेत, ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. डबा तीनदा खळखळून ते पाणी पंपातच ओतावे, म्हणजे औषधही वाया जात नाही. नंतर डब्याला भोक पाडावे, म्हणजे कोणाला तो वापरण्याचा मोहच होणार नाही.

दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात २०१० साली याहून विलक्षण प्रकार घडला. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील जुने यंत्र लिलावात भंगार म्हणून गेले. त्याच्या पोटात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू होता. यंत्र तोडणारांस ते ठाऊक नव्हते. त्यातील एक जण मरण पावला व आणखी काही जणांना किरणांची बाधा झाली. वस्तूच्या पोटात काय होते हे विचारले नाही, तर पहिला घाव बसतो तो भंगारात राबणाऱ्या गरिबावरच. पांडेसऱ्यात उघड्या हातांनी पिंपे धुणारेही आपलेच भाऊ आहेत, हे आपण विसरू नये.

आता फवारणीचा पंप. बारडोलीकडच्या ऊसपट्ट्यात तणासाठी टू-फोर-डी हे औषध मारतात. तो पंप जुना म्हणून स्वस्तात घेऊन आपण गावी कपाशीवर वापरला तर काय होते? कपाशीला या औषधाचा थोडासा अंशही सोसत नाही. पाने हाताच्या बोटांसारखी चिरली जातात, शेंडे वाकडे होतात आणि शेतकरी समजतो की रोग आला. पंपाची टाकी धुतली जाते, पण रबरी नळीच्या आत आणि वायसरमध्ये औषध राहून जाते. शिवाय जुना पंप पाठीवर गळतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. डोक्यावर गेलेली कपाशी, औषधांची मिसळ, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, अशी अनेक कारणे तेथे एकत्र आली होती. त्यात गळक्या पंपाची भर आपण घालू नये. पंप नवाच घ्यावा आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा.

दुसरा प्रश्न: निकामी झाली तर?

जुनी कुदळ तुटली तर काम अडते. हेल्मेट निकामी असेल तर डोके फुटते. या दोन तुटण्यांत फरक आहे.

हेल्मेटच्या आतील थर्माकोलसारखा थर एकदाच कामाला येतो. एकदा धक्का सोसला की तो दबतो, आणि वरचे कवच मात्र पूर्वीसारखेच चकाकत राहते. जुने हेल्मेट कितीदा पडले हे कोणी सांगू शकत नाही. २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय खूण सक्तीची आहे. ती पाहून नवेच घ्यावे.

गॅसची नळी आणि रेग्युलेटर कोणाच्या जुन्या खोलीतून उचलून आणू नयेत. नारिंगी सुरक्षा नळीचेही आयुष्य पाच वर्षे धरलेले असते. सिलिंडर तर कंपनीच्याच मालकीचा असतो, म्हणून तो जुन्या बाजारात विकत घेणे हेच मुळी चूक. त्याच्या गळ्याखालील पट्टीवर अक्षर व वर्षाचा आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे डीपर्यंत. ती मुदत उलटलेला सिलिंडर घरात घेऊ नये. भाड्याच्या खोलीत पत्त्याचा पुरावा नसतो म्हणून आपले तरुण चोरून भरलेल्या छोट्या टाक्या वापरतात. त्यापेक्षा कंपनीचा पाच किलोचा छोटा सिलिंडर केवळ ओळखपत्रावर मिळतो, तो घ्यावा.

प्रेशर कुकरचे भांडे जुने असले तरी एक वेळ चालेल. पण सुरक्षा व्हॉल्व्ह आणि रबरी गास्केट नवे घातल्याशिवाय तो शेगडीवर ठेवू नये. बूड फुगलेला कुकर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

मळणीयंत्राबद्दल तर सरकारला १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयी स्वतंत्र कायदा करावा लागला, इतके हात या यंत्रांनी तोडले. जुन्या मळणीयंत्राचे तोंड आखूड असते किंवा वरचे झाकण कोणीतरी काढून टाकलेले असते. असे यंत्र घ्यायचेच असेल, तर लांब तोंड आणि पट्ट्यावरचे झाकण बसवून मगच खळ्यावर न्यावे. मागाच्या पट्ट्यालाही हीच गोष्ट लागू.

विहिरीवरची विजेची मोटार जुनी मिळते. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला पूर येऊन सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. पुरात बुडालेली मोटार वरून रंग मारून विकली, तर विकत घेणाऱ्याला ते कळणार कसे? म्हणून माहितगार वायरमनकडून वेटाळे आणि बॉडी यांमधील विद्युतरोध तपासून घेतल्याशिवाय मोटार उचलू नये. आणि अर्थिंगची तार कधीही जुनी, जोडाजोडीची वापरू नये. ओल्या पायांनी बटण दाबणारा शेतकरी त्या तारेच्या भरवशावर उभा असतो.

गाडीच्या टायरवर चार आकडे असतात. २३१९ असे लिहिले असेल, तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो. नक्षी खोल दिसली तरी फार जुना टायर रस्त्यावर दगा देतो.

औषधे, चष्मे, बाळाच्या दुधाच्या बाटल्या आणि इन्व्हर्टरची बॅटरी याही जुन्या नकोत. बॅटरी घरी फोडून शिसे काढण्याचा उद्योग तर ज्या अंगणात लेकरे खेळतात तेथे कदापि करू नये.

तिसरा प्रश्न: ही कोणाची?

स्वस्त मोबाइल रस्त्यावर विकणारा माणूस घाईत असेल तर आपण थांबावे. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून घेणारा हा चोराचा भागीदारच. सातव्या आज्ञेत विक्री आणि खरेदी यांत फरक केलेला नाही. आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खालीही तो गुन्हाच आहे. मोबाइलवर *#०६# दाबले की पंधरा आकड्यांचा क्रमांक येतो. इंग्रजी केवायएम ही अक्षरे, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठविला तर त्या मोबाइलची माहिती कळते. बिल आणि खोके मागावेत. ते नसतील तर मोबाइल घेऊ नये.

मोटारसायकल आणि ट्रॅक्टर यांबाबत आपल्या लोकांचे सर्वांत अधिक नुकसान कागदामुळे होते. सुरतेची जीजे-०५ गाडी विश्वासावर घ्यायची, नंदुरबारला न्यायची आणि नाव मात्र मूळ मालकाचेच ठेवायचे, ही पद्धत वाईट आहे. आर.सी. बुकावर बँकेचा बोजा आहे का ते आधी पाहावे. बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि बोजा उतरल्याची नोंद झाल्यावरच पैसे द्यावेत. नावबदलासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर नमुना २८ चा ना-हरकत दाखला लागतो, आणि ती बारा महिन्यांहून अधिक काळ तेथे राहणार असेल तर तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. विकणाऱ्यानेही सावध असावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर येते. गाडी विकून पैसे खाऊन झाले आणि दोन वर्षांनी अपघाताची नोटीस दारात आली, असे होऊ नये.

परवडत नाही त्याचे काय?

यावर कोणी म्हणेल, "फादर, हे सारे खरे, पण गरिबाला नवे परवडत नाही." हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. पण हिशेब करून पाहू. समजा, जुने पिंप सहाशे रुपयांना आणि तेवढेच नवे बाराशे रुपयांना मिळते. फरक सहाशेचा. नवे पिंप दहा वर्षे टिकले, तर हा फरक वर्षाला साठ रुपये, म्हणजे महिन्याला पाच रुपये पडतो. महिन्याला पाच रुपये वाचविण्यासाठी घरातील प्रत्येकाच्या पोटात दररोज काय जाते हे न पाहणे, याला आम्ही काटकसर म्हणणार नाही. तेवढेही शक्य नसेल तर स्टीलची टाकी जुनी घ्यावी, किंवा माठ आणि रांजण वापरावेत. आणि ज्याने आधीच जुने पिंप घेतले आहे त्याने ते फेकू नये, पण कोणाला विकूही नये. त्यात अवजारे, दोर किंवा खोरीफावडी ठेवावीत. पाणी, धान्य, गुरांचे आंबोण आणि भाजीपाल्याला घालायचे पाणी मात्र त्यात नको.

दुसरे कोणी म्हणतील, "वीस वर्षे हेच पाणी पितो आहोत, काही झाले नाही." त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, दोन पिंपे दिसायला सारखी, पण त्यांत आधी एकच वस्तू होती याची खात्री कोण देणार? शेजाऱ्याच्या पिंपात साबण होता, म्हणून आपल्याही पिंपात साबणच असेल असे नाही. शिवाय सर्वच विषे एका दिवसात मारीत नाहीत. पोटाचे, कातडीचे, मूत्रपिंडाचे दुखणे वर्षांनी उठते, तेव्हा पिंपाची आठवणही कोणाला राहत नाही.

आणि नव्यासाठी पैसा आणायचा कोठून, याचे उत्तर आम्ही वर दिलेच आहे. कपाट जुने घ्या, टीव्ही जुना घ्या किंवा घेऊच नका, मुलांचे कपडे आणि सायकल जुनी घ्या. लग्नातली भांडी नवीच हवीत हा हट्ट सोडा. त्यातून उरलेल्या पैशात पिंप, पंप, नळी आणि हेल्मेट ही चारही नवी येतील. चार लोक काय म्हणतील, हा प्रश्न कपाटापाशी छळतो. त्याला घाबरून जिवाच्या वस्तूंत काटकसर करणे हे घरधन्यास शोभत नाही.

मिळून काय करता येईल?

काही गोष्टी एकट्याने जड जातात, पण चार घरांनी मिळून केल्या तर सोप्या होतात. पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे पांढरे झगे दरवर्षी नवे शिवले जातात आणि एका सकाळीपुरते वापरले जातात. ते धुऊन, इस्त्री करून पुढील वर्षीच्या मुलींसाठी द्यावेत, असे आम्ही सुचवितो. सर्वांनीच दिले तर कोणाचा झगा कोणाच्या अंगावर आहे याची चर्चाही होणार नाही. जूनमध्ये शाळेची पुस्तके, थंडीत लोकरीचे कपडे, घरात पडून राहिलेले पाळणे आणि कुबड्या यांचीही अशीच देवघेव करता येईल. पिंपांची खरेदी तर एकत्रच करावी. दहा घरांनी मिळून दुकानदाराकडे नवी पिंपे मागितली तर भाव उतरतो. गावच्या मंडळींनी पेरणीपूर्वी फवारणीचे पंपही असेच घ्यावेत. वायरमन, गवंडी, मोटार दुरुस्त करणारे असे कितीतरी कारागीर आपल्यातच आहेत. जुनी वस्तू घेताना त्यांनी शेजाऱ्याबरोबर अर्धा तास जाऊन ती पाहिली, तर ती मोठीच मदत होईल.

गावी जाणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की, निघण्यापूर्वी सामानातील पिंप कोठून आले आणि त्यात काय होते, एवढे विचारून घ्यावे. उत्तर मिळाले नाही, तर ते येथेच ठेवावे. गावी म्हातारे आईवडील त्यात पाणी भरणार आहेत, आणि लेकाने सुरतेहून आणले म्हणून ते कधीही शंका घेणार नाहीत.